काळजी घेऊन फुगा: नवशिक्यांसाठी खबरदारीचे धडे

जिम लावून तीन महिने झाले. वर्षाची फी एकदम भरलीत, वर शेकर फुकट मिळाला. उकडलेल्या अंड्यांचा वास स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत पोहोचला. तरी टी-शर्टची बाही दंडाला चिकटायला तयार नाही. पलीकडच्या गल्लीतला पोरगा मात्र तुमच्यानंतर आला. दसऱ्याला काडी होता, संक्रांतीला दारातून आडवा होऊन आत शिरायला लागला. खचू नका. त्याने केलं ते तुम्हालाही जमेल, आणि तेही सगळी खबरदारी घेऊन. "भावा, काळजी घेऊन केलं की काय होत नाही," हे वाक्य जिममधल्या प्रत्येक जुन्याने नव्याच्या कानात सांगितलेलं आहे. ती काळजी घ्यायची कशी, एवढंच कुणी नीट लिहून ठेवलं नव्हतं.

१. आधी तारीख ठरवा.

ताकद, आरोग्य, दीर्घायुष्य असली उद्दिष्टं तालमीतल्या म्हाताऱ्यांना शोभतात. त्यांना घाई नसते. तुम्हाला तारीख हवी. मावसबहिणीचं लग्न, पोलीस भरतीची मैदानी चाचणी, गोव्याची ट्रिप, नाहीतर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. यात फ्लेक्स सर्वांत चांगला. हाताची घडी घालायची, मुठी दंडाच्या मागे दाबून दंड पुढे ढकलायचे, गॉगल लावायचा आणि 'शुभेच्छुक' या शब्दाच्या वर उभं राहायचं. महापालिका तो फ्लेक्स चार दिवसांत उतरवते, पण हा तपशील हिशेबात धरू नये. उमेद जाते.

वाईट संगतही टाळा. मनोहर ऐच नावाच्या एका बंगाली गृहस्थांचं उदाहरण तुमच्यासमोर कुणीतरी टाकेलच. उंची ४ फूट ११ इंच. इंग्रजांच्या तुरुंगात असताना व्यायाम केला, साधं जेवले, १९५२ साली 'मिस्टर युनिव्हर्स'मध्ये आपल्या गटात पहिले आले आणि २०१६ साली, १०४ वर्षांचे होऊन गेले. तुमच्या तारखेशी या माणसाचा काडीचा संबंध नाही. विषय बदला.

२. गुरू निवडा.

डॉक्टरांकडे जाण्याची चूक नवशिके हमखास करतात. डॉक्टर साडेपाच वर्षं शिकलेला असतो, पुढे आणखी तीन वर्षं घालवलेला असतो आणि तरी त्याचं पोट शर्टाच्या बटणांतून बाहेर डोकावतं. अशा माणसाने शरीराविषयी बोलावं? शिवाय तो प्रश्न विचारतो. वय काय, घरात कुणाला हार्टचा त्रास होता का, लघवी कशी होते. जिममधले सर असलं काही विचारत नाहीत. सर तुम्हाला वरून खाली बघतात, दंड चिमटीत धरतात आणि म्हणतात, "बेस चांगला आहे. स्टेरॉइडची सायकल लावू."

सरांची पदवी त्यांच्या बाहीत मावत नाही, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कोणतं? त्यांना एकच प्रश्न विचारायची मुभा आहे: "सर, साइड इफेक्ट?" त्यावर ते सांगतील, "आपल्या जिममध्ये आजपर्यंत कुणाला काही झालेलं नाही." हे अक्षरशः खरं आहे. ज्यांना झालं ते जिममध्ये येत नाहीत. डेन्मार्कमधल्या लोकांना एवढं साधं कळलं नाही. त्यांनी जिममध्ये अचानक जाऊन तपासण्या केल्या, स्टेरॉइड घेणारे ५४५ पुरुष सापडले, मग त्यांच्याच वयाच्या इतर पुरुषांशी त्यांची वर्षानुवर्षं तुलना करत बसले. २०१९ साली निष्कर्ष छापला: घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण तिप्पट. हे सगळं सरांना विचारलं असतं तर पाच मिनिटांत मिटलं असतं.

३. माल ओळखायला शिका.

टेस्टोस्टेरॉन किंवा नॅन्ड्रोलोन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे. ती औषधं ज्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पुरेसं तयारच होत नाही अशा किंवा इतर काही ठराविक रुग्णांसाठी असतात. तुमच्या शरीरात ते उत्तम तयार होतंय, म्हणजे तुम्ही त्या रांगेत बसत नाही. हरकत नाही. सरांच्या लॉकरला रांग नसते. बिल मागू नका, मुदत बघू नका, बाटलीवरच्या इंग्रजीतल्या स्पेलिंगच्या चुका दाखवून वातावरण बिघडवू नका.

बाटलीत काय आहे हा प्रश्न कोत्या मनाचा आहे. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार नावाच्या ७२ वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि भर सभेत जाहीर केलं की ताकद परत आली, बुद्धी तल्लख झाली, लघवीची धारसुद्धा पूर्वीपेक्षा लांब जाते. धार त्याने मोजली होती. पुढे कळलं की त्या पाण्यातल्या अर्कात टेस्टोस्टेरॉन असून नसल्यासारखंच होतं. तेव्हा तुमच्या बाटलीत निव्वळ शेंगतेल निघालं तरी श्रद्धा ढळू देऊ नका. फक्त ते तेल निर्जंतुक नसेल तर कुल्ल्यावर गळू होईल, ते कापावं लागेल आणि काही आठवडे उभ्याने जेवाल. लेग डे आपोआप चुकतो. सुई मित्राबरोबर वाटून घेतलीत तर मैत्री घट्ट होते. कधी कधी हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीसुद्धा त्या मैत्रीत सामील होतात.

पुढच्या इयत्तेत गेलात की जनावरांचा माल मिळेल. बोल्डेनोन घोड्यांचं, ट्रेनबोलोन गुरांचं. अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या कानात ट्रेनबोलोनची गोळी कातडीखाली बसवतात, कारण कमी चाऱ्यात जास्त वजन भरतं. त्या बैलाचं कोलेस्टेरॉल पुढे दहा वर्षांनी किती झालं, हे कुणी तपासलेलं नाही. तेवढा काळ त्याला कत्तलखान्याबाहेर ठेवतच नाहीत. औषध ज्याच्यासाठी बनवलं त्याची तक्रार नाही म्हटल्यावर तुम्ही तरी का करावी?

व्यायामाआधी 'किक' हवी असेल तर मेफेन्टरमाइन आहेच. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिल्यानंतर पेशंटचा रक्तदाब कोसळला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ ते टोचतात. तुमचा रक्तदाब कोसळलेला नाही, टेबलही नाही आणि भूलतज्ज्ञही नाही. आहे ती फक्त बेंच प्रेस. राज्याचं अन्न व औषध प्रशासन अधूनमधून धाडी घालून हा साठा पकडतं. धाड पडली त्या दिवशी कार्डिओ करा, पळता येईल.

४. डोस.

सर सांगतील त्याच्या दुप्पट. ही परंपरा जुनी आहे, तिचा मान राखा. अमेरिकेत १९५८ साली सिबा कंपनीची डायनाबोल ही गोळी बाजारात आली. झीगलर नावाच्या डॉक्टरांनी पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावच्या वेटलिफ्टरांना ती थोडी थोडी द्यायला सुरुवात केली. गोळी काम करते हे पैलवानांच्या लक्षात आलं. ती खरंच काम करते. करत नाही असं सांगणारा तुमची फसवणूक करतो, आणि करत नसती तर हा धंदाच उभा राहिला नसता. मग पैलवानांनी विचार केला की एका गोळीने एवढं होतं तर मूठभर घेतल्या की किती होईल. डॉक्टर पुढे आयुष्यभर हळहळले. पैलवानांचा हिशेब मात्र आजही प्रत्येक जिममध्ये चालू आहे.

५. आता खबरदारी. हा धडा नीट वाचा, परीक्षेत यावरच येतं.

खबरदारीचं तत्त्व सोपं आहे: एका औषधाने जे बिघडतं त्यावर दुसरं औषध घ्यायचं. दुसऱ्याने बिघडतं त्यावर तिसरं. घरात आजोबांचा गोळ्यांचा डबा असेलच, सोमवार ते रविवार खण असलेला. तसाच आणा, पण थोरला.

पहिला खण छातीचा. शरीरात पुरुषी संप्रेरक फार झालं की शरीर त्यातल्या काही भागाचं स्त्रीचं संप्रेरक करून टाकतं. त्यामुळे स्तनाग्रांखाली गाठ येते, ठणकते, वाढते. छाती वाढवायलाच आला होतात, त्यामुळे तक्रार करणं बरं दिसत नाही. यावर स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांना देतात ती गोळी घ्या. मेडिकलवाल्याने भुवया उंचावल्या तर "आत्यासाठी" म्हणा. गोळीने न उतरल्यास शस्त्रक्रिया आहे. तिचा खर्च प्रोटीनच्या डब्यांत मोजू नका, रडू येतं.

दुसरा खण लिव्हरचा. तोंडाने घ्यायच्या बहुतेक स्टेरॉइड गोळ्यांची रचना मुद्दाम अशी केलेली असते की लिव्हरला त्या सहजासहजी मोडता येऊ नयेत. लिव्हर तरी प्रयत्न करतं, ते त्याच्या स्वभावातच आहे. मग कावीळ, सूज आणि वर्षं लोटली की कधी रक्ताने भरलेल्या पोकळ्या, कधी गाठी. यावर आयुर्वेदिक लिव्हर टॉनिकच्या दोन बाटल्या. टॉनिक पिताना चेहरा गंभीर ठेवा.

तिसरा खण नाजूक आहे. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू तयार करण्याचे हुकूम ती वृषणांना पाठवते. बाहेरून माल धो धो आला की हुकूम थांबतात. मग गिरणगावात झालं तेच होतं: टाळेबंदी, यंत्रं थंड आणि जागा आक्रसत जाते. हे सांगोवांगी नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या एका प्रयोगात सात देशांतल्या २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉन टोचलं. शरीर कमवायला नव्हे, पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून ते चालेल का हे पाहायला. पहिल्या सहा महिन्यांत १५७ जणांच्या वीर्यातले शुक्राणू शून्यावर आले. म्हणजे मर्दानगीच्या नावाने तुम्ही जे विकत घेताय ते शास्त्राच्या दृष्टीने कुटुंबनियोजनाचं साधन आहे. त्या लोकांचे शुक्राणू पुढे बहुतांशी परत आले; पण त्यांचा डोस डॉक्टरांनी ठरवला होता, तुमचा चौथ्या धड्याप्रमाणे ठरलाय. यावर उपाय म्हणून गरोदर स्त्रियांच्या लघवीतून काढलेलं एक संप्रेरक टोचून घ्या. हो, हेच वाक्य. पुन्हा वाचायची गरज नाही. बायको दोन वर्षांनी फर्टिलिटी क्लिनिकची पायरी चढेल तेव्हा तिच्याबरोबर जा आणि तिच्याच तपासण्या आधी करायचा आग्रह धरा. आपल्याकडे तशी रीतच आहे.

चौथा खण रक्तदाबाचा. पाचवा झोपेचा. सहावा मुरमांचा, पाठीवर ती अशी उठतील की स्टेजवर पाठ दाखवताना परीक्षकांना स्नायू शोधावे लागतील. सातवा केसांचा, घराण्यात टक्कल असेल तर ते वीस वर्षं आधी हजर होतं, त्यावर टोपी घाला, ती जिममध्ये शोभते. आठवा खण पहिल्या सात खणांमुळे पोटात होणाऱ्या जळजळीचा.

सकाळच्या या गोळ्या गिळून झाल्या की आईने केलेली साखरेची कॉफी मात्र ठामपणे नाकारा. साखर शरीराला वाईट.

६. रिपोर्ट वाचायला शिका.

दर तीन महिन्यांनी रक्त तपासलं की माणूस सुरक्षित राहतो, असं सर सांगतात. तपासल्यानेच. रिपोर्टमध्ये काय आलं याने फरक पडत नाही. चांगलं कोलेस्टेरॉल तळाला आणि वाईट माळ्यावर गेलेलं असेल. त्या आकड्यांशेजारी लॅबवाल्याने चांदणी छापलेली असते. चांदणी म्हणजे शाबासकी समजा.

हिमोग्लोबिन १९ आलं तर घरचे खूश होतील, कारण आपल्याकडे ते नेहमी कमीच असतं. तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतं, हृदयाला ते ढकलायला जोर लागतो आणि गुठळ्या व्हायची सोय होते. यावरही मंडळींनी तोडगा काढला आहे: रक्तदान. भाऊंचा वाढदिवस, मंडपात शिबिर, तुम्ही आडवे, पिशवी भरतेय, फोटो निघतोय. तुमचं रक्त पातळ झालं, भाऊंचा आकडा वाढला आणि प्रशस्तिपत्र भिंतीवर लागलं. फॉर्मवर औषधांविषयी विचारतात, तिथे 'नाही' लिहा. ज्या अनोळखी माणसाला ती पिशवी चढणार आहे त्याने आपली खबरदारी आपण घ्यावी.

हृदयाकडे थोडं लक्ष द्या. हृदयही स्नायूच आहे, आणि औषधाला बायसेप कोणता आणि हृदय कोणतं हे सांगता येत नाही. त्याच्याही भिंती जाड होतात. गंमत अशी की बायसेप जाड झाला की सगळ्यांना दिसतो. हृदयाचा शो मात्र इकोवाला एकटाच पाहतो.

७. 'नॅचरल' म्हणायचा सराव करा.

आरशासमोर रोज म्हणा: "फक्त चिकन, भात आणि शिस्त." कुणी नव्याने विचारलं तर आवाज खाली आणा आणि झोपेचं महत्त्व सांगा. नाडाच्या उत्तेजक चाचणीत सापडलात तर 'सप्लिमेंटमध्ये भेसळ होती' हे उत्तर तोंडावर हवं. बेन जॉन्सन १९८८ साली सोलला १०० मीटर ९.७९ सेकंदांत धावला, तीन दिवसांत पदक गेलं, आणि त्याच्या गोटातून कुणीतरी पेयात औषध मिसळल्याचं सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी कॅनडातल्या चौकशीपुढे त्याने सगळं कबूल करून टाकलं. ही चूक तुम्ही करू नका.

८. बायका आणि पोरं.

मुलींनो, तुमच्यासाठी सर वेगळा, 'हलका' डोस देतील. आवाज घोगरा होईल, ओठावर लव येईल, पाळी थांबेल. औषध थांबवल्यावर पाळी बहुधा परत येते. आवाज येत नाही.

सतराच्या आतल्या पोरांनी उंची आधी मोजून भिंतीवर रेघ मारून ठेवावी. या औषधांनी हाडांची वाढणारी टोकं वेळेआधी बंद होतात, त्यामुळे ती रेघ पुन्हा पुसावी लागत नाही. पोलीस भरतीत छाती फुगवून दाखवता येते, उंची नाही.

९. स्वभाव.

चिडचिड होईल. सिग्नलला पुढचा रिक्षावाला अर्धा सेकंद थांबला तर उतरून त्याच्याकडे जावंसं वाटेल. बाबांनी "जेवलास का?" विचारलं तर त्यात टोमणा ऐकू येईल. हे औषधामुळे होतंय असं बहीण म्हणेल. तिला सांगा, हा आत्मविश्वास आहे.

१०. स्टेज.

'श्री'च्या स्पर्धेआधीचा आठवडा म्हणजे सगळ्या खबरदारीचा कळस. मीठ बंद, पाणी जवळजवळ बंद आणि उरलंसुरलं पाणी काढायला लघवीच्या गोळ्या. कातडी कागदासारखी होऊन शिरा वर आल्या पाहिजेत. पोटॅशियमचं गणित चुकलं तर हृदयाचा ठेका चुकतो, पण संगीत मोठ्याने लावलेलं असल्याने ते कुणाला ऐकू येत नाही. अंगावर तपकिरी रंग फासा, दातांवर नको. या कलेत आंद्रेयास म्युन्झर या ऑस्ट्रियन गड्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या अंगावर चरबी शोधूनही सापडत नसे. मार्च १९९६ मध्ये अमेरिकेत स्पर्धेच्या स्टेजवर उभा राहिला आणि त्याच महिन्यात वारला, वय ३१. शवविच्छेदनात लिव्हरमध्ये गाठी आणि वाढलेलं हृदय सापडलं. तब्येत मात्र शेवटपर्यंत दाखवण्यासारखी होती.

तुम्हाला मिळेल मिनिटभराची पोज, एक ढाल आणि स्टेजमागे क्रॅम्प.

११. थांबावं का?

थांबू नका. थांबलात तर बाहेरचा माल बंद आणि आतलं उत्पादन आधीच बंद, अशा दुहेरी दुष्काळात काही महिने काढावे लागतात; काहींना वर्षही पुरत नाही. अंग उतरतं, बिछान्यातून उठवत नाही, कशात रस राहत नाही, नको ते विचार येतात. अशा वेळी हार्मोनचा डॉक्टर आणि मनाचा डॉक्टर या दोघांचा खरा उपयोग असतो आणि तिथे गेलेली पोरं सावरतातही, पण त्यांना सगळं खरं सांगावं लागतं. सरांचा उपाय स्वस्त आहे: पुढची सायकल.

१२. कॅज्युअल्टीत.

छातीत कळ आली तर आधी पंप उतरू द्या, मग जा. नर्स केसपेपर लिहायला बसेल. वय सांगा, २७. सिगारेट नाही, दारू नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. ती कौतुकाने मान डोलावेल. मग विचारेल, "सध्या कोणती औषधं चालू आहेत?" इथे घाबरायचं नाही. खणांचा डबा खिशात आहे ना, तो टेबलावर ठेवा आणि पुरवणी मागा. केसपेपरवर त्यासाठी दीडच ओळ असते.